आत्याबाईंचं नाक

आत्याबाईंचं नाक कसं होतं, असं ह्यांनी मला विचारलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पिठात, तव्यावरची करपायला आलेली, आणि बाहेरच्या सोप्यातून प्रश्न येतोय, नाक सरळ होतं का बसकं. मी आतूनच म्हटलं, आवं, आई तुमची, मला काय इचारताय? त्यावर बाहेरची ठकठक थांबली. मी भाकरी उतरवली आणि हात पुसत बाहेर गेले.

आमचे हे, म्हणजे नाथाजी, मांडीवर लाकडाचा ठोकळा घेऊन बसले होते. हातात पटाशी. समोर भिंतीवर आत्याबाईंचा फोटो. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांचं नाव बनुबाई. फोटो आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला, कारण दुसरा नव्हताच. हे त्या फोटोकडे असे बघत होते की जणू परक्या घरात चुकून शिरलेत.

"फोटोत नाक कळंना," म्हणाले. "नुसता डाग दिसतोय."

मी सांगितलं. पसरट होतं, चमकीचं भोक वयाबरोबर खाली ओघळलेलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ठोकायला लागले. मीही आत आले. पण तव्यावर दुसरी भाकरी टाकताना मनात आलं, हा माणूस साठीला आला आणि ह्याला स्वतःच्या आईचं नाक बायकोला विचारावं लागतं.

लाकूड कोरायचं हे खूळ घरात आणलं आमच्या लेकीनं, प्रियंकानं. ती मलकापूरला दिलेली आहे. आमचे हे गलाईवाले. आमच्या विट्याच्या बाजूला घराघरातला एखादा तरी माणूस कुठल्यातरी परमुलखात सोनं आटवायला बसलेला असतो, तसे हे सेलमला. मामंजी अकाली गेले आणि मिसरूड फुटायच्या आत ह्यांना एका पाहुण्याच्या दुकानात धाडलं. तेव्हापासून सोनं आटवायची मूस, भट्टी आणि तेजाब, म्हणजे ॲसिड. गावाला यायचे ते यात्रेपुरते. शेवटी तेजाबाची वाफ छातीत बसली. डॉक्टरांनी सांगितलं, आता बास. दुकान पुतण्याच्या हवाली करून हे कायमचे घरी आले.

कायमचे आले आणि माझ्या डोक्याला ताप झाला. मी अंगणवाडीत नोकरी केलेली बाई. सासू, लेक, जनावरं, शेतातली भांगलण, सगळं माझ्या पद्धतीनं चाललेलं. आता हे सकाळपासून सोपा ते फाटक येरझारा घालायचे. नाहीतर स्वयंपाकघरात येऊन मिठाचा डबा इथं का, तिथं का नाही, असं विचारायचे. फ्रीज उघडून आत बघायचे, काही न घेता बंद करायचे. प्रियंका आली होती तेव्हा तिनं हे दोन दिवस पाहिलं आणि मोबाईलवर कसलेतरी व्हिडिओ लावून दिले. एक दाढीवाला गोरा माणूस झाडाखाली बसून लाकडाचा चमचा करत होता. बोलत काही नव्हता, नुसता कोरत होता. हे जेवण विसरून बघत बसले. पुढच्या आठवड्यात पोरीनं पटाश्यांचा संच मागवून दिला, सोबत एक जाड हातमोजा.

हातमोजा बघून हे हसले. म्हणाले, जळत्या भट्टीत हात घातलेला माणूस मी, मला ह्या मोज्याची काय गरज. संध्याकाळी अंगठ्याला चिंधी बांधून बसले होते. दुसऱ्या दिवशी मोजा घातला. मी काही बोलले नाही, पण माझं तोंड बोललंच असणार, कारण ते माझ्याकडे बघेनात.

पहिला चमचा केला त्याला आरपार भोक पडलं. मी म्हटलं, असू द्या, पुऱ्या तळायला झारा झाला. दुसऱ्यालाही भोक. मग पोपट केला, त्याची मान गेली. ह्यांचं एक होतं. जमलेल्या वस्तूवर थांबायचंच नाही, अजून जरा, अजून जरा, करत शेवटी मोडेपर्यंत जायचं. गावातला सोपान सुतार एकदा चहाला बसला होता, त्यानं बरोबर ओळखलं. "नाथाजीराव," तो म्हणाला, "लाकूड फकस्त कमी हुतंय. वाढत न्हाई."

ह्यांना ते पटलं, पण हाताला कसं पटावं? जन्मभर ज्याचं काम केलं त्यात चूक म्हणून काही नसतंच. लोक बांगड्या आणतात, आजीची नथ, मोडकी वाकी, तुटलेली साखळी, सगळं मुशीत. लगड नीट नाही उतरली की परत मुशीत. आकार कुणाला लागतोय तिथं? असलेला आकार घालवायचा, हेच त्यांचं काम. आणि आता हा माणूस आकार करायला बसला होता.

आणखी एक गंमत. कोरून झालं की हे कुंचा घेऊन सोपा झाडायचे आणि सगळा भुसा, ढलपे एका पत्र्याच्या डब्यात भरून झाकण लावायचे. दुकानात जमिनीवरची धूळही टाकत नाहीत, ती जाळून धुवून त्यातलं सोनं काढतात. ती सवय. मी विचारलं, ह्यातनं काय निघणार? तर स्वतःच ओशाळले. पण डबा भरायचे सोडलं नाही. भरला की मी तो पाणी तापवायच्या बंबात घालते, त्याचा तेवढा उपयोग.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैल केला. शेजारीण म्हणाली, कुत्रा छान झालाय हो भावजी. ह्यांनी तो उचलून आत ठेवला आणि दोन दिवस पटाशीला शिवले नाहीत. मग एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "ह्या म्हाळाला आय आपल्या वळखीची पायजे."

मी समजले. आत्याबाई लॉकडाऊनमध्ये गेल्या. सगळे रस्ते बंद, हे सेलमला अडकलेले. अग्नी चुलतदिरानं दिला. मी मोबाईल धरून उभी होते, ह्यांना तेवढं तरी दिसावं म्हणून, पण मळ्यात रेंज नाही, मधेच चित्र थांबलं ते थांबलंच. त्यानंतर दर पितृपंधरवड्यात म्हाळासाठी हे सेलमहून यायचे, त्या फोटोपुढं बसायचे, पाणी सोडायचे, घास ठेवायचे. मागच्या वर्षी पान वाढून झाल्यावर मला हळूच म्हणाले, "ही बाई माझी आय वाटत न्हाई गं."

मला राग आला होता. आत्याबाई हुबेहूब तशाच दिसायच्या. आधार काढायला मीच घेऊन गेले होते. बोटांचे ठसे उठेनात, आयुष्यभर खुरपं धरून रेघा झिजलेल्या. मशीनवरचा पोरगा वैतागून म्हणाला, आजी, हलू नका, आणि त्या घाबरल्या. तीच घाबरलेली नजर फोटोत आहे. मी ती नजर दवाखान्यातही बघितली, रात्री अंथरुणातही बघितली. पण ज्यानं बघितलीच नाही त्याला ती परकी वाटणारच. ह्या वर्षी म्हाळाच्या दिवशी फोटोजवळच्या फळीवर त्यांना आपली आई हवी होती. एवढीच इच्छा. सोपानानं शिवणीच्या लाकडाचा चांगला वाळलेला, हातभर उंचीचा ठोकळा आणून दिला. कवळं लाकूड हाय, दमानं घ्या, असं बजावून गेला.

नाकापासून सुरू झालं ते सगळ्या चेहऱ्यावर आलं. मी आत काम करायची, बाहेरून प्रश्न यायचा. कपाळ केवढं? भुवया दाट का विरळ? कान? मी सांगायची आणि पटाशी चालायची. गालापाशी गाडी अडली. मी बाहेर येऊन बघते तर गाल चांगले भरलेले, गोल.

मी म्हटलं, हे गाल त्यांचे नव्हेत, त्यांचे आत गेलेले होते. हे म्हणाले, "आयचं गाल भरल्यालं हुतं." मी म्हटलं, मी त्यांचं तोंड रोज धुतलंय, मला सांगू नका. हेही हट्टाला पेटले. दात होते तिला, ऊस सोलायची दातानं, म्हणाले. मी कधी आत्याबाईंना ऊस सोलताना बघितलं नव्हतं. मी ह्या घरात आले तेव्हाच त्यांचे पुढचे दात गेलेले होते. मग माझ्या ध्यानात आलं. ह्यांच्या डोक्यात एक तरणी बाई होती, आणि माझ्या डोक्यात म्हातारी. मधली सगळी वर्षं हे यात्रेला चार दिवस यायचे, घर पाहुण्यांनी भरलेलं, आई चुलीपुढं, ह्यांची पंगत बाहेर. बघायला वेळ कुणाला होता?

तिथंच थांबायला हवं होतं मी. पण जिभेला हाड नाही माझ्या. पदर तोंडावरून ओढून घेतला आणि म्हटलं, "आईचं ऱ्हाऊ द्या. माझा तीळ कुठल्या गालावर हाय, सांगा बरं."

चेष्टाच होती. त्यांनी लगेच सांगितलं असतं, चुकीचं सांगितलं असतं, तरी मी हसले असते. पण ते सांगेनात. पदराच्या आत मला माझाच श्वास गरम लागायला लागला. शेवटी मी पदर काढला आणि सरळ आत गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पोर संसाराला लागली, आणि नवऱ्याला माझा चेहरा पाठ नाही. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाहेरून नाकाडोळ्यांचे प्रश्नही आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. मिठाच्या डब्याबद्दलही काही बोलले नाहीत.

"आवाज वळखतो मी तुझा," म्हणाले. "फोनवर नुसतं हॅलो म्हनलीस तरी कळायचं मला, आज जेवली न्हाईस ते. तेवढंच हुतं माझ्याजवळ."

मी चहा ठेवला. चहा उकळता उकळता मीच म्हटलं, गाल आत घ्या, आणि हनुवटी जरा पुढं. ते निमूट बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. मी म्हणेन तसं करत गेले. मीही आता दारात पाट टाकून बसायची, शेंगा फोडत फोडत सांगायची. हे मोठमोठ्यानं धापा टाकत, पण मोजा घालून, दमानं, सोपानानं सांगितलं तसं पापुद्रा पापुद्रा काढायचे. एवढा वेळ आम्ही दोघं एका जागी कधी बसलो होतो, आठवत नाही.

आणि एका दुपारी आत्याबाई आल्या. म्हणजे, मी शेंगांवरून मान वर केली आणि त्या दिसल्या. कपाळावरच्या आठ्या, आत गेलेले गाल, पसरट नाक आणि ओघळलेलं भोकसुद्धा. मी पदर डोक्यावर घेतला. मी म्हटलं, "झालं. आता हात लावू नका." ह्यांनी ठोकळा हातभर लांब धरून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही उमटलं नाही. चांगलं झालंय, एवढंच म्हणाले.

बचत गटाची बैठक होती म्हणून मी गेले. परत आले तर हे सोप्यात गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते. नाक गेलं होतं. ह्यांना ते जरा जाड वाटलं, किंचित कमी करावं म्हणून पटाशी लावली, आणि लाकडाची रेषा उलटी धावली. भुवयांच्या खालून ओठापर्यंत ढलपी उडाली. ती ढलपी ह्यांनी शोधून काढली, तळहातावर ठेवली, आणि तिच्याकडे बघत बसले.

"सोनं असतं तर आटवलं असतं," म्हणाले.

मी ओरडणार होते. सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून. पण ओरडण्याऐवजी मी कुंचा घेतला आणि सोपा झाडून ढलपे त्यांच्या डब्यात भरले. सोपान आला, त्यानं बघितलं, म्हणाला, फेविकॉल लावून बसवू, लांबी भरू, कळणारसुद्धा नाही. ह्यांनी नको म्हटलं. चिकटवलेल्या नाकाची आई फळीवर ठेवायची नाही मला, असं त्यांचं म्हणणं. सोपान जायला निघाला तसा ह्यांनी त्याच्याकडं रंधा मागितला.

मला वाटलं, संपलं. आता हे पुन्हा फाटकापर्यंत येरझारा घालणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे रंध्यानं तो चेहरा सपाट करत होते. कपाळ गेलं, डोळे गेले, गाल गेले. डोळे तरी चांगले होते हो, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. समोरची सगळी बाजू फळीसारखी गुळगुळीत करून टाकली, ठोकळा उलटा केला आणि मागच्या बाजूला पटाशी लावली. मी रागानं तिकडं बघायचंच सोडलं. म्हाळ दोन-चार दिवसांवर आला होता. भाज्या, डाळी, गवारीच्या शेंगा, मला माझी कामं होती. एक मात्र जाणवत होतं, बाहेरून आता एकही प्रश्न येत नव्हता. नुसती ठकठक, न थांबता.

म्हाळाच्या दिवशी ह्यांनी अंघोळ केली आणि ती मूर्ती आणून फोटोशेजारी फळीवर ठेवली. मी वड्यांचं पीठ कालवत होते, तशीच बाहेर आले.

पाठमोरी बाई होती. नऊवारीचा कासोटा घट्ट ओढलेला, पदर कमरेला खोचलेला, मानेवर लहानसा अंबाडा. एक टाच उचललेली, म्हणजे चालत निघालेली, आणि घाईत. खडबडीतच होती. साडीला नीट चुण्या नव्हत्या, हाताची बोटं जमली नव्हती. पण डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता.

त्या खांद्याला मी वर्षानुवर्षं तेल चोळलंय. थंडीत तो ठणकायचा आणि आत्याबाई रात्रभर कण्हायच्या. ह्यांना मी कधी सांगितलं नव्हतं, फोनवर असलं कशाला सांगायचं म्हणून. मी विचारलं, खांद्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?

"सांगायचं काय त्यात," हे म्हणाले. "रानात जाताना म्होरं आय आन मागं मी. रोज तेच बघितलंय."

मी आत आले. वड्यांचं पीठ वाळत होतं.

दुपारी भाऊकीतले चौघे जेवायला आले. त्यात दगडाबाई, ह्यांची चुलती, आत्याबाईंची जाऊ. नव्वदीच्या आसपास आहे म्हातारी, डोळ्यांना धड दिसत नाही, काठी टेकत फिरते. तिला ह्या कोरीव कामाचं काहीच ठाऊक नव्हतं. सोप्यात आली, फळीपुढं नमस्कार करायला वाकली आणि तशीच थांबली.

"बनू हाय की गं ही," म्हणाली. "आन कुठं निघाली?"

हे भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या छातीचा भाता वरखाली झालेला मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसला. ज्याच्यासाठी एवढं केलं ते झालं होतं. म्हातारीनं तोंड बघावं म्हणून हात लांब केला, मूर्ती फिरवायला. तेव्हा हे पुढं झाले.

"फिरवू नगा, काकी. ती मागं वळून बघायची न्हाई."

दगडाबाईनं हात मागे घेतला. काठीवर भार देऊन जरा वेळ उभी राहिली.

"न्हाईच बघायची," म्हणाली. "सेलमला धाडताना तुला येष्टीत बसवून आली तवा बी न्हाई बघितलं. मला म्हनली हुती, वळून बघितलं असतं तर पोराला उतरवून घरी आणलं असतं बाई."

हे ऐकून ह्यांनी कावळ्याच्या घासाचं पान उचललं आणि जिना चढून वर गच्चीवर गेले. पंगत खोळंबली होती. चुलतदीर म्हणाला, बोलवा की त्यांना. मी म्हटलं, येतील, आणि भाजी पुन्हा चुलीवर ठेवली.